अर्धा कप हवा

कॉफीला फेस आणणारं वीतभर यंत्र घरात नवीन येतं तेव्हा त्याचा थाट असतो. ओट्यावर मायक्रोवेव्हच्या शेजारी, स्वतःच्या तारेच्या स्टँडमध्ये ते उभं राहतं आणि आल्यागेल्याला दाखवलं जातं. पुढे यथावकाश ते आडवं होतं. मग त्याचा कायमचा पत्ता म्हणजे चमच्यांचा ड्रॉवर, त्यातही मागचा अंधारा भाग. तिथे बटाट्याचं सोलाणं, सोऱ्याची एक अनाथ चकती, पेटत नसलेला गॅस लायटर आणि पार्सलबरोबर आलेल्या सॉसच्या पुड्या आधीपासून राहत असतात. या गर्दीत त्याचं बटण कशाला तरी लागतं आणि भर दुपारी, सगळं घर लवंडलेलं असताना, ड्रॉवर एकदम घुमायला लागतो. आजी म्हणतात भुंगा शिरला. आजोबा म्हणतात, कोणाचा तरी फोन वाजतोय, माझा नाही. सून मुकाट्याने उठते, ड्रॉवरमध्ये कोपरापर्यंत हात घालते आणि त्याला गप्प करते.

दुकानदार त्याला फ्रॉदर म्हणतो. घरात ‘ते भुर्रवालं दे गं’ एवढ्यावर भागतं. दोन-तीनशे रुपयांपासून मिळतं, कारण त्यात फारसं काही नसतंच. प्लास्टिकच्या मुठीत चिमुकली मोटर, दोन पेन्सिल सेल, खाली स्टीलची काडी आणि काडीच्या टोकाला स्प्रिंग गुंडाळलेलं कडं. बटण दाबलं की कडं मिनिटाला हजारो फेरे घेतं, पेल्यात भोवरा होतो, भोवऱ्याच्या तोंडातून हवा आत ओढली जाते आणि दुधात तिचे बारीक बुडबुडे होतात. विकतच्या यंत्राने फुकटची हवा दुधात घालायची, एवढाच व्यवहार. पण या व्यवहाराने मराठी घरात जो पेच उभा केलाय, तो ना मिक्सरने केला होता ना मायक्रोवेव्हने.

आपल्याकडे फेसाला कधी मान नव्हता. फेस ही काढून टाकायची गोष्ट. डाळ उकळताना वर आलेला फेस पळीने बाजूला करायचा. रसवंतीत ग्लासाकडे बघून ‘अहो, फेस नको, रस घाला’ असं दटावायचं आणि फेस खाली बसेपर्यंत तिथून हलायचं नाही, म्हणजे वर दोन घोट आणखी मिळतात. माणूस राबून राबून दमला की त्याच्या तोंडाला फेस येतो, आणि त्याबद्दल कोणी त्याच्याकडून जादा पैसे घेत नाही. अशा घरात सून एके दिवशी सासूबाईंसमोर एक मग ठेवते. त्यात वरचा निम्मा भाग पांढरा, मऊ, डोंगरासारखा आलेला. सासूबाई चष्मा वर करून बघतात आणि विचारतात, “हा कप भरलाय की फुगलाय?”

सून सांगते, कॅपुचिनो असंच असतं. सासूबाई चमच्याने डोंगर बाजूला सारतात, खाली किती कॉफी आहे याचा अंदाज घेतात आणि मग चमचाभर फेस चाखून म्हणतात, “चव नाही गं याला.” हे शंभर टक्के खरं आहे. ज्यात निम्म्याहून जास्त हवा, त्याला चव कुठून येणार? पण पाहुण्यापुढे काठोकाठ कप ठेवल्याचं समाधान मिळावं आणि दूध मात्र अर्धंच लागावं, अशी सोय करणारं यंत्र खरं म्हणजे पुण्यात जन्माला यायला हवं होतं. तो मान दुसऱ्या कोणा गावाला मिळाला याची हळहळ वाटते.

हे यंत्र घराघरांत शिरलं ते बहुधा प्रदर्शनाच्या वाटेने. मंगल कार्यालयात भरलेल्या ग्राहक पेठेत लोणच्यांचा स्टॉल आणि गुडघेदुखीचं तेल यांच्या मधे एक तरुण उभा असतो. त्याच्या हातात उंच काचेचा ग्लास, त्यात तळाला जेमतेम दोन बोटं दूध. “बघा ताई, एवढंसं दूध. घेतलं? आता बघा.” भुर्र. दूध चढायला लागतं. ग्लासाच्या काठापर्यंत येतं, काठाच्या वर येतं, आणि तो ग्लास उलटा करून दाखवतो तरी पडत नाही. बायका ‘अगंबाई’ म्हणतात. पुरुष मागे उभे राहून यात काहीतरी लबाडी आहे असा चेहरा करतात आणि पाकीट काढतात.

लबाडी नसतेच. असतं ते दूध. तो आणतो बिनसायीचं, कमी स्निग्धांशाचं, फ्रीजमधलं गारढोण दूध. दुधातली प्रथिनं हवेच्या बुडबुड्याभोवती पातळ कवच धरतात म्हणून फेस टिकतो. स्निग्धांश, त्यातही सायीचा मोकळा झालेला, त्या कवचात घुसून बुडबुडे फोडतो. डबल टोन्ड दुधात स्निग्धांश दीड टक्का, टोन्डमध्ये 3, फुल क्रीममध्ये 6, आणि रतीबाच्या म्हशीच्या चांगल्या दुधात त्याहूनही वर. आता ताई घरी येतात आणि ज्या दुधाच्या दाटपणावर गेली वीस वर्षं गवळ्याशी भांडण चाललंय, ज्याच्यावर भाकरीएवढी साय धरते, ते दूध ग्लासात ओतून बटण दाबतात. वरती चार मोठे, आळशी बुडबुडे येतात आणि हात जोडून परत जातात. ताईंचा निष्कर्ष ठरलेला: “तिथे चांगला पीस दाखवतात, आणि आपल्याला दुसराच देतात.” म्हणजे पाणचट दुधाचा डोंगर होतो आणि सकस दूध आडवं पडतं. हे सत्य कोणत्याही स्वाभिमानी मराठी गृहिणीला पचणारं नाही, आणि प्रदर्शनातल्या मुलाने ते सांगितलं नाही यात त्याचं व्यापारी शहाणपण दिसतं.

दुसरी अडचण उष्णतेची. गरम कॉफीवरच्या फेसासाठी दूध 60-65 अंशांपर्यंत तापवावं, 70 ओलांडू देऊ नये, नाहीतर फेस विरविरीत होतो असं कॉफीवाले सांगतात. आपल्याकडे दूध उतू जाण्याच्या बेतात आल्याशिवाय ते तापलं असं कोणी मानत नाही. आणि 65 अंशांचं पेय ओठाला लावून बाबा जे म्हणतात, ते सगळ्यांना पाठ आहे: “गार झालीय, जरा गरम करून आण.” ती गरम होऊन येते तेव्हा फेस गेलेला असतो, कप अर्धा झालेला असतो, आणि बाबा विचारतात, “एवढीच?”

सेलचा प्रश्न तर याहून गंभीर आहे. कोणत्याही घरात पेन्सिल सेलची एकूण संख्या ही गरजेपेक्षा नेहमी दोनने कमी असते. भिंतीवरच्या घड्याळाला एक लागतो, वजनकाट्याला लागतात, नातवाच्या गाडीला लागतात. टीव्हीच्या रिमोटला बारीक लागतात, हा शोध दर वेळी जाड सेल आत कोंबून पाहिल्यावर नव्याने लागतो. फ्रॉदर आल्यापासून घरातले सेल फिरतीवर असतात. बैठकीच्या खोलीतलं घड्याळ सकाळी सव्वासातवर थांबलेलं दिसलं, की ओळखावं, आज कोणीतरी कॅपुचिनो प्यालं. मग दिवसभर घरातले सगळे त्या घड्याळाकडे बघून ‘अरे, अजून वेळ आहे’ म्हणत राहतात.

बरं, चालवायचं कसं, हे सांगणारा कागद डब्यात असतो आणि डब्याबरोबरच जातो. नियम एकच आहे: आधी बुडवा, मग बटण दाबा, आधी बटण सोडा, मग बाहेर काढा. हा क्रम ज्याने चुकवला त्याचं काम ओट्यामागच्या टाइल्सवर लिहिलेलं असतं. ज्या घरी फ्रॉदर आहे तिथे कॉफीचे बारीक ठिपके टाइल्सवरून सुरू होऊन एक्झॉस्ट फॅनपर्यंत गेलेले असतात आणि त्यातला एखादा कॅलेंडरवर संकष्टीच्या तारखेवर असतो.

अशी पहिली उडी अंगावर येणं हे मात्र परंपरेला धरूनच आहे. आपल्या माहितीतलं सगळ्यात मोठं घुसळण म्हणजे समुद्रमंथन, आणि तिथेही आधी बाहेर आलं ते हलाहलच. मंदार पर्वताची रवी, वासुकीची दोरी, खाली आधाराला कूर्म. कंबोडियात अंगकोर वाटच्या पूर्वेकडच्या ओवरीत हे मंथन 12व्या शतकात भिंतीवर कोरलंय. जवळजवळ 49 मीटर लांब. एका बाजूला 92 असुर, दुसऱ्या बाजूला 88 देव, मधोमध विष्णू. शिल्प म्हणून ते थोर आहेच, पण स्वयंपाकघराच्या नजरेने बघितलं तर 180 जण कामाला आणि एकजण मध्ये उभा राहून लक्ष ठेवणार, हे आपल्याकडच्या कुठल्याही कार्याचं चित्र आहे. शिवाय सेल लागत नाहीत.

घरोघरची रवी त्या मंदाराचीच धाकटी पाती. मोठी असेल तर घुसळखांबाला अडकवून, दोरीचा वेढा घालून डेऱ्यात फिरवायची. लहान असेल तर दोन तळहातांत धरून. तिची सगळी गंमत उलटसुलट फिरण्यात होती. अर्धा फेरा इकडे, लगेच अर्धा तिकडे. त्यामुळे ताकाला एका दिशेने गरगरत राहून आराम करायची सवडच मिळत नसे. दर वेळी ते चालू लागलं की रवी त्याला मागे खेचायची, आणि या खेचाखेचीत स्निग्ध कणांची आवरणं फुटून ते एकमेकांना चिकटायचे. उन्हाळ्यात लोणी मऊ पडून वर यायला कुरकुरलं तर गार पाणी घालायचं, थंडीत घट्ट बसलं तर कोमट. थर्मामीटर कोणाकडेच नव्हता. बोट बुडवून तापमान ठरायचं आणि ते बरोबर असायचं. वर येणाऱ्या फेसाकडे कोणी ढुंकूनही बघत नसे, डोळा असायचा तो लोण्याच्या कणांवर. म्हणजे जुन्या यंत्राला दुधातून काहीतरी बाहेर काढायचं होतं, नव्याला दुधात काहीतरी आत घालायचंय. शिवाय रवीला दोन हात लागायचे. फ्रॉदरला एक पुरतो, आणि दुसऱ्या हाताने त्याचा व्हिडिओ काढता येतो. माझ्या मते या यंत्राचा निम्मा खप या मोकळ्या राहिलेल्या हातामुळे आहे.

फेसावर मनापासून प्रेम करणारे लोक जगाच्या दुसऱ्या टोकाला मेक्सिकोत होते. तिथल्या जुन्या लोकांना चॉकलेट प्यायचं तर वर फेस हवाच. त्यासाठी ते एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात उंचावरून धार सोडत. माटुंग्याच्या उडुप्याकडे डबरा-पेल्यातली कॉफी पिणाऱ्याला हे कोणी समजावून सांगायला नको. पुढे स्पॅनिश लोक गेले आणि लाकडी मोलिनियो चालू झाला. कोरीव डोक्याचा दांडा, त्यावर सैल फिरणारी लाकडी कडी, आणि दोन तळहातांत धरून गरगरा फिरवायचा. आपली एखादी आजी तिथल्या बाजारात उभी केली तर ती मोलिनियो हातात घेईल, फिरवून बघेल, ही कडी उगाच कशाला असं विचारेल आणि किंमत पाडायला सुरुवात करेल.

पेय ढवळायच्या यंत्राने इतिहास घडवल्याचं आणखी एक उदाहरण अमेरिकेत आहे. रे क्रॉक नावाचे एक गृहस्थ मल्टिमिक्सर विकत फिरायचे. मिल्कशेक घुसळायचं यंत्र, एका वेळी 5 पेले. बहुतेक दुकानांचं एकावर भागे. कॅलिफोर्नियात सॅन बर्नार्डिनोला मॅकडोनाल्ड बंधूंच्या खानावळीने मात्र असे 8 घेतले होते. म्हणजे एकदम 40 मिल्कशेक. हे लोक करतात तरी काय, हे बघायला क्रॉक 1954 साली स्वतः तिथे गेले, आणि त्या चौकसपणातून पुढे जे घडलं ते आज प्रत्येक मॉलच्या तळमजल्यावर दिसतं. एखाद्या गिऱ्हाइकाने आठ मिक्सर मागितले तर आपल्या तुळशीबागेतला दुकानदार ‘लग्नकार्य दिसतंय’ म्हणून गप्प बसला असता आणि एका कंपनीचा जन्म टळला असता.

लग्नकार्यावरून आठवलं. फेसाने आपल्याकडे पहिला प्रवेश केला तो कार्यालयातल्या ‘एस्प्रेसो कॉफी’च्या टेबलावरून. जिलेबी-मठ्ठ्याच्या राज्यात एका कोपऱ्यात ते चकचकीत, पाइप फुटलेलं यंत्र आणि त्याच्या मागे कानाला रुमाल बांधलेला माणूस. तो पेल्यात इन्स्टंट कॉफीची पूड, साखर, दूध घालणार, वाफेची नळी आत खुपसणार, आणि मग जी किंकाळी उठते तिच्यात मंगलाष्टकांमधलं ‘सावधान’ दोनदा बुडतं. वर चिमूटभर चॉकलेटची पूड. इटलीत एस्प्रेसो म्हणजे दाबाखाली काढलेली, घोट-दोन घोटांची, बिनदुधाची काळी कॉफी. मिलानच्या लुइजी बेझेराने 1901 साली अशा यंत्राचं पेटंट घेतलं. त्याला आपल्या कार्यालयात आणून हा पेला हातात दिला असता तर बिचाऱ्याने ओळखही दाखवली नसती. पण आमच्या काकांना विचारा. थंडीच्या लग्नात, मिशीला फेस लावून, तिसऱ्या पेल्यासाठी रांगेत उभं राहून ते सांगतील की बाहेर कॅफेत मिळते ती कॉफी नव्हेच.

हाताने फेटलेल्या कॉफीची जमात वेगळी. वाटीत पूड आणि साखर, त्यावर पाण्याचे चार थेंब, आणि मग हात दुखेपर्यंत चमचा. हॉस्टेलच्या खोल्यांमधून हा कार्यक्रम वर्षानुवर्षं चालत आला होता, आणि त्याला कोणी विचारत नव्हतं. मग 2020च्या टाळेबंदीत ती कोरियाहून ‘डालगोना’ होऊन परत आली आणि सगळ्या गावाने फोटो काढले. आपलाच मुलगा परदेशी नाव लावून आल्यावर जसं सगळ्यांना त्याचं कौतुक वाटायला लागतं, तसं झालं. त्याच दिवसांत अनेकांनी चमचा ठेवून भुर्रवालं मागवलं.

आणि आता त्याचं पुढे काय झालं ते. तुम्ही ओळखीच्या कुठल्याही घरी जा आणि हे यंत्र हल्ली कशाला वापरता, ते विचारा. कॉफीचं नाव सगळे घेतील, जरा आग्रह केला की खरं बाहेर येईल. ताक. एका माणसापुरतं, दोन चमचे दही आणि पेलाभर पाण्याचं, जेवताना हवं असलेलं ताक. त्यासाठी मिक्सरचं भांडं कोण धुणार? कढीला बेसन लावायचं तर ताकात गुठळ्या राहतात. भुर्र केलं की एक राहत नाही. नातवाच्या दुधातल्या चॉकलेटच्या पावडरीच्या गुठळ्या. सुनेचं प्रोटीन. हळदीचं दूध. धिरड्याचं पीठ, पण ते पातळ असेल तरच. जाड पिठात यंत्र कण्हतं. ऑम्लेटची अंडी चालतात, कांदा घालायच्या आधी. आजोबांनी एकदा त्यात इसबगोल ढवळून बघितलं. इसबगोल पाणी पिऊन क्षणात फुगतं आणि घट्ट होतं, मोटर थांबली, काडी आत उभी ती उभीच. आजोबांनी तशीच काडीसकट पेला आजींना दाखवला आणि म्हणाले, “बघ, चमचा उभा राहिला म्हणजे किती गुणकारी असेल.”

दुकानात मात्र अजूनही सगळेजण कॅपुचिनोसाठीच मागतात. “सकाळी एखादी कॉफी लागते हो,” असं ऐटीत सांगून घ्यायचं आणि घरी येऊन दह्याचं सट उघडायचं. ताकाला जाऊन भांडं लपवणारे पूर्वीही होते. फरक एवढाच की आता भांडं दाखवतात आणि ताक लपवतात.

आमच्या शेजारच्या काकूंनी ते लपवायचंही सोडलंय. त्यांनी सायीवर प्रयोग केला. आठवड्याची साय विरजून, वाडग्यात गार पाणी घालून, थोडी थोडी भुर्र करत राहिल्या. पहिल्यांदा फेस आला, मग तो जड झाला, मग फुटला, आणि कड्याला पिवळसर लोणी चिकटून आलं. फेसासाठी बनवलेल्या यंत्राने लोणी काढून दाखवलं. काकांना बोलावून काकूंनी ते दाखवलं. काकांनी पोळीला लावून खाल्लं, चांगलंय म्हणाले, आणि मग भिंतीवरचं घड्याळ उतरवून, उलटं करून त्याच्या पाठीवरच्या खाचेत बघितलं.

धुण्याची पद्धत कागदावर अशी दिली होती: कोमट पाण्यात दोन थेंब साबण घालून त्यात यंत्र बुडवून चालवा. ही पद्धत मात्र अचूक आहे. घट्ट, पांढराशुभ्र, ग्लास उलटा केला तरी न पडणारा फेस, प्रदर्शनात दाखवला होता अगदी तसा, घरी पहिल्यांदा येतो तो भांडी घासायच्या साबणाचा. काकूंकडे भांड्यांना येणाऱ्या मावशींनी हे एकदा बघितलं आणि यंत्र काकूंच्या हातातून काढून घेतलं. साबणाच्या वाटीत तळाला चिमूटभर साबण, वर दोन बोटं पाणी, आणि भुर्र. फेस वाटीच्या वर आला, सिंकमध्ये उतरला, कढईवर चढला.

“ताई,” मावशी म्हणाल्या, “एवढ्याशा साबणात सगळी भांडी झाली. हे चांगलं आहे. कशाला आणलं होतंत?”

काकू म्हणाल्या, “ह्यालाच.”